आधी मोजणी, मग करवत

नमस्कार श्रोतेहो. वादळ गेलं की आपल्याकडे पहिली बाहेर निघते ती करवत. म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे: आधी मोजणी, मग करवत.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगाने किनाऱ्यावर चढलं, हे आपण कुणीच विसरलेलो नाही. फळबागांना मदत जाहीर झाली हेक्टरी ५० हजार. पण आपल्या वाड्या गुंठ्यांच्या! गुंठ्याला पडतात पाचशे रुपये. त्यात माड, पोफळी म्हणजे सुपारीची झाडं, मध्ये जायफळ, पोफळीवर चढलेली मिरी. ओरड झाली, तेव्हा पुढे झाडावर हिशेब आला: माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते, तिला पन्नास रुपये थोडेच, हे मी आजही म्हणतो. पण झाड मोजलं गेलं, हे महत्त्वाचं.

आमच्या शेजारच्या वाडीत आक्का आहेत. सत्तरी ओलांडलेली. टाळेबंदीमुळे मुंबईचे पुतणे घरीच होते. वारा पडला तसे ते करवत घेऊन निघाले. आक्का बेड्यात, म्हणजे वाडीच्या दारात, आडव्या उभ्या. "विहिरीकडची वाट तेवढी मोकळी करा. बाकी एकाही पोफळीला हात लावायचा नाही!" पुतणे म्हणाले, पाऊस तोंडावर आलाय, तलाठी कधी येणार? आक्कांनी बादलीत चुना कालवला, सोडण, म्हणजे नारळाची साल, ठेचून त्याची कुंची केली आणि कमरेत वाकून एकेका बुंध्यावर आकडे घातले. पोफळीला आकडा, माडाला आकडा आणि वर आडवी रेघ. पावसाने चुना धुतला की परत घालायच्या. नातवाच्या वहीत नोंद: पोफळी १४३, माड ९.

पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक आले तेव्हा आक्का वही घेऊन पुढे. त्यांनी एक कोपरा मोजला, दुसरा मोजला. जुळलं. वाडी आठ गुंठ्यांची. क्षेत्रावर चार हजार झाले असते, झाडांवर झाले ९,४००.

आणि तरी पैसे अडकले! सातबारा सामाईक. एक दीर विरारला, एक डोंबिवलीला, तिसरे वारलेले आणि वारसनोंद राहिलेली. आक्कांनी सगळ्यांना फोन करकरून संमतीपत्रं मागवली, तेव्हा कुठे रक्कम खात्यावर आली.

इथे चाकरमान्यांना माझं सांगणं आहे. गणपतीला येता, आरत्या करता, फार बरं वाटतं. पण मुलांना घेऊन एकदा उन्हाळ्यातही या. त्यांना शिंपणं, म्हणजे वाडीला पाणी देणं, दाखवा, आपली हद्द कुठून कुठे ते दाखवा. सातबारावर नाव असलेल्याला आपली वाडी ओळखता आली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

तर, आधी मोजणी. मोबाईलवर फोटो काढा, पडलेलं झाड आणि मागे ओळखीची खूण, विहीर, दगडी गडगा, काहीही. मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा जास्त लागतं, ते पंचनाम्यातच ठरतं. म्हणून त्या वेळी वाडीत स्वतः हजर राहा. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. यादीत नाव आलं की ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, लागते का ते तलाठ्यांना विचारा; लागत असेल तर यादीतला आपला विशिष्ट क्रमांक घेऊन सेतू केंद्रात करा. लागत असून ती राहिली तर मंजूर रक्कमही अडकते. आणि वारसनोंद बाकी असेल त्यांनी वादळाची वाट न बघता याच आठवड्यात तलाठ्यांकडे अर्ज द्या. मृत्यूचा दाखला सोबत न्या. नमस्कार.