हात कधी थांबवायचा

नमस्कार श्रोतेहो.

तुमच्यापैकी काहींच्या घरात आत्ता पलंगाखाली एक मांजर बसलेलं असेल. वय आठ-दहा वर्षं, नुकतंच दत्तक आणलेलं. रात्रीतून वाटी रिकामी होते, लिटर ट्रे वापरलेला दिसतो, एवढ्यावरूनच ते घरात आहे हे कळायचं. हात पुढे केला की अंग चोरतं, कान पाडतं, फारच जवळ गेलात तर फिस्कारतं. मग मनात येतं, एवढ्या मायेनं घरी आणलं, आणि साधं कुरवाळू पण देत नाही! आज या मांजराबद्दल बोलायचंय, आणि त्याहून जास्त तुमच्या हाताबद्दल.

मोठं मांजर बुजरं दिसलं की लोक लगेच म्हणतात, आधीच्या घरी मारलं असणार बिचाऱ्याला. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा कारण अगदी साधं निघतं: लहानपणी त्याला माणसाचा हात फारसा लागलेलाच नसतो. मांजराच्या पिल्लाचं माणसाशी सूत जुळण्याचा काळ फार लवकर येतो आणि लवकर सरतो, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. आयलीन कार्श या अमेरिकन संशोधिकेनं १९८० च्या दशकात यावर प्रयोग केले. रोज ४० मिनिटं हाताळलेली पिल्लं, रोज १५ मिनिटं हाताळलेल्या पिल्लांपेक्षा माणसाकडे लवकर यायची आणि जास्त वेळ थांबायची. पुढे १९९५ मध्ये सँड्रा मॅक्यून यांनी दाखवून दिलं की बोक्याचा धीटपणाही पिल्लांत उतरतो. त्या पिल्लांनी बापाचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसतं, तरीही. तेव्हा तुमच्या मांजराचा बुजरेपणा हा हट्ट नाही आणि तुमच्यावरचा रागही नाही. त्यात घर बदललेलं. मांजर आपलं घर वासानं ओळखतं. गाल घासून, अंग घासून ते जागोजागी स्वतःचा वास लावून ठेवतं. ते सगळं एका दिवसात गेलं आणि तुमच्या घराचा परका वास आला.

हात लावण्याआधी मात्र एक काम करायचं. डॉक्टर. म्हाताऱ्या मांजराला हात नको असतो तो कित्येकदा दुखतं म्हणून. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, त्यातल्या ९० जणांच्या सांध्यांत झीज दिसली. शंभरात नव्वद! आणि मांजर लंगडत वगैरे नाही. खुर्चीवर पूर्वी एका उडीत जायचं, आता आधी स्टुलावर आणि मग खुर्चीवर जातं, इतकंच. कमरेपर्यंत जीभ पोचत नाही म्हणून पाठीमागच्या केसांच्या गुठळ्या होतात. डोक्याला हात चालतो, कमरेला लागला की वळून चावतं. दाढ दुखत असेल तर उलटं होतं, गालाजवळ बोट आलं की मान मागे जाते. २०१९ मध्ये माँट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखण्याची एक पद्धत तयार केली. त्यात पाच गोष्टी बघतात: कान, डोळ्यांभोवतीचा ताण, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोकं किती खाली झुकलंय ते. घुरघुर या पाचात नाही, कारण दुखत असतानाही मांजर घुरघुरतं. आणि कृपा करून घरातली वेदनाशामक गोळी मांजराला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. नवीन आणलेल्या मांजरानं दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर "रुळेल हळूहळू" म्हणत बसू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठायला लागते आणि ते दुखणं फार जड जातं.

आता, दुखत-खुपत काही नाही, फक्त बुजरं आहे, असं धरून चालू.

पलंगाखालून ओढून काढायचं नाही, हे पहिलं. उलट लपायला आणखी जागा द्या. एक पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा, आत जुनं कापड. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एका निवारा केंद्रात हे करून पाहिलं: खोकं मिळालेली मांजरं न मिळालेल्यांपेक्षा पहिल्या काही दिवसांत लवकर सावरली. लपायला मिळालं तर मांजर माणसापासून कायमचं लांब राहील अशी भीती असते. तसं होत नाही. पळायची वाट मोकळी आहे हे कळलं की ते बाहेर येऊन बघायला धजावतं.

तुम्ही त्या खोलीत जमिनीवर बसा. उभा माणूस मांजराच्या नजरेतून फारच उंच असतो. तोंड त्याच्याकडे नको, जरा कुशीनं बसा. काहीतरी वाचा, मोठ्यानं वाचलंत तरी चालेल, आवाज फक्त खालच्या पट्टीत. टक लावून बघू नका. नजरानजर झालीच तर डोळे हळूहळू मिटा, अर्धवट उघडा, पुन्हा मिटा. २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की माणसानं असे डोळे मिचकावले तर मांजरंही उलट डोळे बारीक करतात, आणि नंतर त्या माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे यायला जास्त तयार असतात. तुमच्या लक्षात आलं असेल, मांजरांचा अजिबात सोस नसलेल्या पाहुण्याजवळच मांजर नेमकं जाऊन बसतं. त्याचं गुपित हेच. तो तिकडे बघतच नाही.

यानंतर बोट. अख्खा हात नाही, एकच बोट, किंचित वाकवलेलं, मांजराच्या नाकाच्या उंचीवर आणि नाकापासून वीतभर लांब. वरून डोक्यावर हात आणला की तो झडप घातल्यासारखा वाटतो. बोट तिथं धरायचं आणि गप्प बसायचं. मांजराला अगदी जवळचं नीट दिसत नाही, तिथं त्याचं नाक आणि मिशा काम करतात. ते मान लांब करेल, पण पाय मागेच रोवलेले असतील, म्हणजे वेळ आली तर पळता यावं. नाकपुड्या हलतील. मिशा पुढे येतील. बोटाच्या टोकाला नाकाचा ओला, गार स्पर्श होईल. इथंच बहुतेकांचा तोल जातो; आनंदाच्या भरात हात पुढे सरकतो आणि सगळं मुसळ केरात. बोट हलवू नका. तीनपैकी एक गोष्ट होईल. मांजर मागे जाईल, नुसतं बसून राहील, किंवा तोंडाची कड बोटावर घासत गालापर्यंत नेईल. घासलं, तरच परवानगी मिळाली. बाकी दोन्हीत "आज नको" असं समजायचं.

परवानगी मिळाली की कुठं हात लावायचा? जिथं मांजर स्वतःहून गोष्टींना अंग घासतं तिथं: गाल, हनुवटीखाली, डोळा आणि कान यांच्यामधली विरळ केसांची जागा. वासाच्या ग्रंथी तिथं असतात. शेपटीच्या बुंध्याला खाजवलेलं काही मांजरांना आवडतं असं आपण पाहतो, पण २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाच्या अभ्यासात तिथं हात लागल्यावर मांजरांनी सर्वांत जास्त नाराजी दाखवली. पोट आणि पंजे तर सोडूनच द्या. मांजर उताणं लोळून पोट दाखवतं तेव्हा भरवसा दाखवत असतं. ते पोटाला हात लावायचं आमंत्रण नव्हे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी एवढा वेळ घेतला. दोन-तीनदा बोट फिरवून झालं की हात मागे घ्या. मांजराला मजा येत असली तरी घ्या. मग बघा. त्यानं डोकं पुढे करून हात शोधला, तर पुन्हा सुरू करा. नुसतं बसून राहिलं, तर थांबा. बुजऱ्या मांजरात सगळ्यांत फसवं असतं ते हे नुसतं बसून राहणं. "बघा, कसं शांत करून घेतंय," असं आपण म्हणतो, आणि ते मात्र भीतीनं थिजलेलं असतं: पाय पोटाखाली घट्ट दाबलेले, बाहुल्या मोठ्या, श्वास भराभर. ज्याला मनापासून बरं वाटतंय ते मांजर अंग सैल सोडतं आणि हाताला रेटा देतं.

हात थांबवण्यामागचा हिशेब असा. नको असलेला हात दूर करायचे मांजराकडे बरेच उपाय असतात. आधी ते नजर फिरवतं. कान बाजूला वळवतं. घुरघुर थांबते. शेपटीचं टोक हलायला लागतं. मध्येच नाक चाटतं, किंवा एकदम स्वतःचं अंग चाटायला घेतं. आमच्याकडे दत्तक आलेल्या चिंगीच्या तर पाठीच्या कातडीवर लाट उठायची, खांद्यापासून कमरेपर्यंत, आणि पुढच्याच क्षणाला पंजा. हे सगळे सौम्य निरोप आपण वाचले नाहीत, तर मांजर शिकतं की हात फक्त पंजा मारल्यावरच जातो. मग ते मधल्या पायऱ्या गाळून थेट पंजाच मारतं, आणि आपण म्हणतो, कसं अचानक ओरबाडलं हो! उलट कान वळताक्षणी हात थांबला, तर त्याला पंजा काढायची गरजच राहत नाही. थोड्या दिवसांनी त्याला उमगतं की हा हात आपल्या म्हणण्यावर चालतो. स्वित्झर्लंडमध्ये डेनिस टर्नर यांच्या चमूनं माणसं आणि मांजरं यांच्या भेटीगाठी बारकाईनं नोंदवल्या आहेत. त्यात हेच दिसलं: सुरुवात मांजरानं केली असेल तर ती भेट जास्त वेळ टिकते. म्हणून मांजर आपण होऊन आलं, तर हातातलं काम बाजूला ठेवा. ते निघालं, तर मागे जाऊ नका.

काही मांजरांना हातच चालत नाही, पण वस्तू चालते. अशांसाठी लांब दांड्याचा मऊ ब्रश घ्या. तो आधी त्याच्या अंथरुणात ठेवा, म्हणजे त्याला मांजराचाच वास लागेल. मग लांबून गालाला ब्रश, तोही दोनदाच. दांड्यावरची पकड दिवसागणिक पुढे सरकवत न्या, की एक दिवस ब्रशच्या आडून बोटच गालाला लागतं. खाऊचंही तसंच. लांब चमच्याच्या टोकावर आवडीचा ओला खाऊ द्यायचा आणि हळूहळू चमचा आखूड करायचा. एक काळजी घ्या: खाऊला भुलून मांजर नको इतकं जवळ येतं, खाऊ संपला की आपण कुठं आहोत हे बघून दचकतं. तेव्हा खाऊ खात असताना हात लावायचा मोह आवरा. खाऊ आणि स्पर्श एकाच क्षणी नको. आधी स्पर्श, लगेच मागून खाऊ.

घरात मुलं असतील तर त्यांना "हात लावू नको" म्हणण्यापेक्षा एक काम द्या: मांजराचे कान कधी वळतात ते तू बघ आणि मला सांग. मुलं यात मोठ्यांपेक्षा तरबेज निघतात.

औषध देणं, नखं कापणं, डॉक्टरकडे नेणं हे चुकत नाही, आणि तेव्हा परवानगी मागत बसता येत नाही. ही कामं नेहमीच्या लाडाच्या जागी करू नका. वेगळी जागा ठरवा, जाड टॉवेलमध्ये गुंडाळा, झटपट उरका आणि सोडून द्या. न्यायची पेटी एरवी उघडी ठेवून खोलीतच राहू द्या, त्यात अंथरूण घाला, म्हणजे ती दिसली की पळापळ होणार नाही. मानगूट धरून उचलणं नकोच. २०२२ मध्ये मांजरांच्या पशुवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही त्याला नकार आहे. दवाखान्यातून परत आल्यावर ते दोन-चार दिवस पुन्हा पलंगाखाली जाईल. जाऊ दे. एका बोटापासून पुन्हा सुरुवात करा. या वेळी गाडी लवकर पुढे जाते.

किती दिवस लागतील, असं विचाराल. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला वर्ष. काही मांजरं कधीच मांडीवर येत नाहीत. तुमच्यापासून हातभर अंतरावर पाठ करून झोपतात. मला विचाराल तर हा मोठाच मान आहे, भ्यालेलं मांजर कुणाकडे पाठ करून झोपत नाही. पण गालापुढे मजल गेली नाही तरी थोडा स्पर्श रुजवाच, कारण म्हाताऱ्या मांजराचं दुखणं डोळ्यांआधी हाताला कळतं. केसांमुळे वजन उतरलेलं दिसत नाही, पाठीवरून हात फिरवला की मणके टोचतात. जबड्याखालची गाठ बोटाला लागते. ते खांब-फळ्या ओरबाडणं कमी करतं तशी नखं जाड होत जातात, वळतात आणि पंजाच्या गादीत रुततात, तेही पंजा हातात घेतल्याशिवाय समजत नाही. म्हणून ज्या दिवशी ते खांद्याला हात लावू देईल, त्या दिवसापासून बोट थोडं थोडं खाली, पुढच्या पायाकडे नेऊन बघत जा. कान वळला की थांबा.

नमस्कार.