तारखेच्या दिवसाची सुट्टी

हा ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. १९ एप्रिल १९१० ला क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे इथेच फासावर गेले. ही नावं ठाणेकरांना पाठ आहेत. पण याच दारातून आज सुटून बाहेर येणाऱ्या माणसाकडे आपण बघतही नाही.

जामिनावर सुटलेला माणूस बहुधा संध्याकाळी बाहेर पडतो. हातात एक पिशवी. मोबाइल अनेकदा पोलिसांनी जप्त केलेल्या मुद्देमालात अडकलेला. घरी कळवायचं तर दुसऱ्याकडे फोन मागायचा.

आत त्याला ‘कच्चा कैदी’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागायचा आहे असा. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चारांमागे तीन जण असे कच्चे कैदी होते. सुतारकाम, शिवणकाम, विणकाम हे मुख्यतः शिक्षा लागलेल्यांसाठी. कच्चा कैदी बराकीत बसून राहतो.

देखरेख म्हटलं की आपल्याला पोलीस ठाण्यातली हजेरी आठवते. १९५८ चा परिविक्षा कायदा मात्र वेगळं सांगतो, आणि मला तो फार माणुसकीचा वाटतो. न्यायालय दोषी माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकतं. आणि कलम १४ म्हणतं, गरज असेल तिथे त्याला योग्य काम मिळावं म्हणून खटपट करणं हे या अधिकाऱ्याचं कर्तव्यच आहे.

कच्च्या कैद्याच्या वाट्याला हा अधिकारी येत नाही. त्याच्या वाट्याला येते कोर्टाची तारीख.

टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून अशांच्या पाठीशी उभा आहे. सुटलेल्यांना मानधन देऊन संस्थांमध्ये काम शिकायला पाठवतो. पण पुढची नोकरी टिकायची कशी?

वागळे इस्टेट, महापे, तुर्भे या ठाणे-नवी मुंबईतल्या औद्योगिक वसाहती. हाताला काम आहे. चारित्र्य पडताळणीतून कसाबसा निभावलेला माणूस महिन्यात दुसऱ्यांदा तारखेला जातो आणि सुपरवायझर म्हणतो, उद्यापासून येऊ नकोस. तारीख चुकवली, तर वॉरंट.

कारखानदारहो, तुमच्याकडे असा कुणी असेल, तर हजेरीपटावर त्या दिवशी ‘कोर्ट’ एवढंच लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो येईल. त्याचं मशीन त्याच्यासाठी ठेवा.