नंबर सांगू नका, पाय दाखवा

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘धावायला सुरुवात करणाऱ्यांनी बूट कसे निवडावेत’. समोर दोन प्रकारची मंडळी दिसतायत. मागच्या रांगांत पोलीस भरतीची तयारी करणारी लेकरं, मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटरवाली. पुढच्या रांगांत साखर वाढल्यावर पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर चालायला लागलेले आणि आता अधूनमधून पळणारे काका-मावशी. वेग वेगवेगळा, पण परभणीच्या कुठल्याही दुकानात शिरल्यावर दोघांचं पहिलं वाक्य एकच असतं: “आठ नंबर दाखवा.” माझं भांडण ह्या वाक्याशी आहे. सोल, कुशन, वजन हे सगळं नंतर.

आठ नंबर म्हणजे नेमकं किती? यूके मापात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्ध्या नंबराचा सव्वाचार. इथवर ठीक. पण बूट ज्या साच्यावर शिवला जातो तो साचा प्रत्येक कंपनीचा वेगळा. बुटाच्या जिभेच्या आत लेबल असतं, ते वाचा. एका कंपनीच्या यूके 8 समोर 26.5 सेंटिमीटर छापलेलं सापडेल, दुसरीच्या यूके 8 समोर 27. त्यात ऑनलाइन मागवताना यूएसचा आकडा यूकेचा समजून टाकला की झालंच. म्हणजे ‘माझा नंबर आठ’ हे आपण आधार क्रमांकासारखं जन्मभर सांगत राहतो, आणि तो प्रत्येक डब्यावर बदलतो!

आपली दुसरी खोड म्हणजे वाढत्या अंगाचं घेणं. शाळेच्या सदऱ्याला ते चालतं. बूट नंबरभर मोठा झाला की पाय आत पुढे-मागे सरकतो, टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जाते आणि तिसऱ्या दिवशी तिथं पाण्याचा फोड. आणि पन्नाशीतल्या काकांचं अंग आता वाढलंच, तर ते बुटाच्या दिशेनं वाढत नाही. (हसू नका, पुढच्या रांगेतच बसलेत.)

मग माप घ्यायचं कसं? संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. धावतानाही सुजतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात जास्तच. भिंतीला टेकवून जमिनीवर कोरा कागद ठेवा. धावताना घालणार तेच मोजे घाला, टाच भिंतीला लावा आणि उभं राहा. बसून घेतलेलं माप फसवतं, वजन पडल्यावर पाय लांबतो आणि पसरतो. पेन्सिल उभी धरून सगळ्यात पुढच्या बोटापाशी खूण करा. हे बोट कित्येकांचं अंगठ्याशेजारचं असतं, म्हणून अंगठाच मोजू नका. दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. समजा 25.8 सेंटिमीटर आले, तर बुटाच्या आत साधारण 26.8 ते 27 हवेत. पुढे एक सेंटिमीटरभर मोकळी जागा. ती नसेल तर नख दर पावलाला पुढे आपटतं, खाली रक्त साकळतं, नख काळं पडतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी गळून जातं.

आता माझा आवडता मुद्दा, रुंदी. नंबर लांबी सांगतो, रुंदीबद्दल अवाक्षर काढत नाही. आपल्याकडची अर्धी जनता लहानपणी अनवाणी आणि नंतर चपलेत वाढलेली. असा पाय चवड्याशी मोकळा पसरतो. हा काही दोष नाही. 1992 साली कर्नाटकातल्या 2300 मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात सपाट तळव्याचं प्रमाण बूट वापरणाऱ्यांत 8.6 टक्के आणि अनवाणी मुलांत 2.8 टक्के निघालं. म्हणजे पाय चांगला तयार झालेला असतो, आणि आपण तो निमुळत्या टोकाच्या बुटात कोंबतो. करंगळी घासते, बोटांना मुंग्या येतात. मग दुकानदार सांगतो, “एक नंबर वर घ्या.” लांबी वाढली, टाच ढिली झाली, रुंदीत फारसा फरक नाही. खरा उपाय रुंद साचा. काही कंपन्या तो देतात. पुरुषांच्या बुटात नेहमीची रुंदी डी, रुंद 2ई, त्याहून रुंद 4ई.

दुकानात हे ओळखायची युक्ती सांगतो. बुटातला सुटा पातळ तळ, इनसोल, बाहेर काढा. जमिनीवर ठेवा, मोजे घालून त्यावर उभे राहा. चवडा किंवा करंगळी कडेबाहेर सांडत असेल, तर तो बूट कितीही छान दिसो, परत डब्यात. दुकानदार कुरकुर करेल. करू द्या, फोड त्याला येणार नाहीत.

भरतीवाल्यांसाठी थोडं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं रौप्य 8 मिनिटं 11.20 सेकंदांत घेतलं, आणि आपल्या पोरांनी त्यातून धडा घेतला स्पाइकचा, म्हणजे तळाला खिळे असलेल्या बुटांचा! स्पाइक ट्रॅकसाठी असतात. त्यात टाचेखाली गादी जवळजवळ नसते. डांबरी रस्त्यावर रोज सराव केला की आधी पोटरी धरते, मग नडगी. सराव साध्या बुटात करा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला विषय आता सुरू होतोय.

तर भरभर. कमान सपाट की उंच हे बघून बूट ठरवायची पद्धत आहे. ओला पाय कागदावर उमटवायचा वगैरे. अमेरिकी सैन्यातल्या नवीन भरतीवर 2010 च्या आसपास हे तपासलं. तळव्याचा आकार बघून बूट दिलेले आणि सरसकट एकाच प्रकारचे दिलेले, दोघांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. त्यामुळे त्यात डोकं घालू नका. बूट घालून दुकानाबाहेर दोन मिनिटं पळा, कुठंच टोचत नाही तो बूट तुमचा.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक म्हणजे ड्रॉप. सुरुवातीला 8 ते 10 मिलिमीटर ठीक. एकदम शून्यावर गेलात तर ताण टाचेच्या शिरेवर येतो. कार्बन प्लेटवाले, म्हणजे तळात कडक कार्बनची पट्टी असलेले, नकोत, ते शर्यतीच्या वेगासाठी आहेत. बूट हातात घेऊन वाकवा, चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही.

तळ उलटा करून बघा. रबर नसलेल्या जागी उघडा फोम असतो, तिथून बाभळीचा काटा सरळ आत येतो. मुरमाच्या वाटेवर पळणाऱ्यांनी पूर्ण रबराचा तळ घ्यावा. खोल खाचांचा मात्र नको, पावसाळ्यात काळी माती त्यात बसते आणि पाय मणाचा होतो.

टाच सुटत असेल तर नंबर बदलण्याआधी वरचं शेवटचं जादा भोक वापरा. नाडी त्याच बाजूनं आत घालून छोटा फासा करा, समोरची नाडी त्यातून ओवा, मग ओढून गाठ. पावलाच्या वरच्या बाजूला बधिर वाटलं तर खालच्या नाड्या सैल करा.

सेलमध्ये घेताना डब्यावरचा उत्पादनाचा महिना-वर्ष बघा, जुन्या मालाचा डिंक सुटतो. आयुष्य 500 ते 800 किलोमीटर धरा. आठवड्याला 20 पळत असाल तर साधारण सहा ते नऊ महिने. तळ चांगला दिसतो तरी मधला फोम बसलेला असतो. बूट टेबलावर ठेवून मागून बघा, एका बाजूला कलला असेल तर बदला. धुतल्यावर पत्र्यावर उन्हात टाकू नका, आत वर्तमानपत्राचा बोळा भरून सावलीत ठेवा.

आणि बिल जपून ठेवा. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी फक्त फरशीवर पळून बघा, तळ मळलेला नसेल तर दुकानदार बदलून देण्याची शक्यता जास्त.