तीन मिनिटांचं रीळ, दोन मिनिटांचं गाणं

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात, नील स्ट्रीटवर, १९७७च्या सुरुवातीला 'रॉक्सी' नावाचा एक क्लब होता. पंक रॉक, म्हणजे वेगवान, खडबडीत, बंडखोर संगीत वाजवणाऱ्या पोरांना तेव्हा फार ठिकाणी कुणी उभं करत नव्हतं, इथं मात्र त्यांना हक्काचा रंगमंच मिळाला. ज्यांनी तो सुरू केला त्यांच्या हाती क्लब जेमतेम शंभर दिवस राहिला. पण त्या दिवसांतलं बरंच काही आज आपल्याला पाहता येतं, ते डॉन लेट्समुळे.

लेट्सचा जन्म लंडनचाच, आईवडील जमैकाचे. दिवसा किंग्ज रोडवरच्या कपड्यांच्या दुकानात काम, रात्री रॉक्सीत रेकॉर्डी लावायच्या. आता अडचण अशी, की पंकच्या रेकॉर्डी तोवर फारशा निघालेल्याच नव्हत्या. मग दोन बँडांच्या मधल्या वेळात तो आपल्या घरचं संगीत लावायचा, जमैकाचं रेगे. पोरं त्यावर खूश. त्याच वर्षी 'द क्लॅश' या पंक बँडनं आपल्या पहिल्या अल्बममध्ये एक रेगे गाणंही घेतलं.

एका फॅशन संपादिकेनं लेट्सला सुपर एट कॅमेरा दिला, घरगुती चित्रीकरणाचा छोटा फिल्म कॅमेरा. तो चित्रीकरण शिकलेला नव्हता. आवडता बँड आला की पुढे घुसायचं आणि कॅमेरा सुरू करायचा, एवढंच. एका संगीत साप्ताहिकात बातमी आली, लेट्स म्हणे सिनेमा काढतोय. ती वाचून त्यालाच वाटलं, खरंच, काढूया की! त्यातून 'द पंक रॉक मूव्ही' उभा राहिला, १९७८ साली.

सुपर एटचं एक रीळ म्हणजे पंधरा मीटर फिल्म. अडीच-तीन मिनिटांत संपली, की अंधारात चाचपडत नवी डबी बसवायची. पण पंकचं गाणंही तेवढंच, कधी दोन मिनिटांचंसुद्धा! मला तर वाटतं, या संगीताला हाच कॅमेरा शोभत होता. चित्र खरखरीत, हात हललेला, मध्येच कुणाचं तरी डोकं आडवं आलेलं. हा माणूस गर्दीतलाच होता, म्हणून कुणी त्याच्यासमोर अवघडलेलं दिसत नाही.

सिनेमात 'सेक्स पिस्टल्स' आहेत, 'एक्स-रे स्पेक्स' आहेत. पण मी पुन्हा पुन्हा पाहतो ते 'द स्लिट्स'ला. सगळ्या मुली. वाद्यं हातात घेऊन फार दिवस झालेले नाहीत, आणि गाणारी आरी अप अवघी पंधरा वर्षांची. सूर सुटतो, ताल पुढे धावतो, तरी ती मागे हटत नाही. त्या रात्री तिच्यापासून हातभर अंतरावर कुणीतरी कॅमेरा धरून उभं होतं, याचा मला दर वेळी मनापासून आनंद होतो.

कुठे पाहायला मिळाला, तर आवाज जरा मोठा ठेवा. नमस्कार.