पाच कॉलेजं, एक पेशंट

[दृश्य : परळ स्टेशनचा पूल, सकाळची गर्दी]

सकाळी आठच्या सुमारास परळच्या पुलावरून उतरणाऱ्या गर्दीत पांढरे ॲप्रन लांबूनच ओळखू येतात. त्यातला एमबीबीएसचा कोण, फिजिओथेरपीचा कोण आणि फार्मसीचा कोण, हे मात्र सांगता येत नाही. रस्ता ओलांडला की जो तो आपापल्या इमारतीत. कँटीनमधली टेबलंसुद्धा ठरलेली.

आठवड्यातल्या एका दुपारी ही मुलं एका खोलीत बसतात.

[दृश्य : स्किल लॅब. पलंगावर पुतळा, नाकात नळी]

आज हा पुतळा म्हणजे साठीतले एक काका. राहणार लालबाग, चाळीत, तिसरा मजला. पक्षाघातानं उजवी बाजू लुळी पडली आहे. गिळता येत नाही म्हणून राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, आहे. उद्या डिस्चार्ज. त्यांना घरी नीट कसं पाठवायचं, ते पाच शाखांच्या मुलांनी मिळून ठरवायचं.

एमबीबीएसचा मुलगा भराभर औषधं लिहितो. नर्सिंगची मुलगी घरच्यांना काय सांगायचं त्याची तालीम करते : गोळी बारीक कुटा, कोमट पाण्यात मिसळा, आधी आणि नंतर नळीतून पाणी सोडा. मागून फार्मसीची मुलगी काहीतरी पुटपुटते. कुणाचंच लक्ष नाही.

आता मॅडमकडे बघा. नर्सिंगच्या ट्यूटर आहेत. हात वर करून त्या सगळ्यांना थांबवतात. “काय म्हणालीस गं? मोठ्यानं सांग.”

ती सांगते : ही ब्लडप्रेशरची गोळी पोटात सावकाश विरघळावी अशी बनवलेली असते. कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जाईल. नळीतून देता येईल असं दुसरं औषध लिहायला हवं.

मुलगा कागद ओढून घेतो, खाडाखोड करतो. मॅडम त्याला टोचून बोलत नाहीत. उत्तर त्यांनाही ठाऊक होतं, पण ते त्यांनी त्या मुलीच्या तोंडून येऊ दिलं.

[दृश्य : विद्यार्थी, जिन्यात बसून बोलताना]

इथं शिकवणाऱ्यांमध्ये तुम्हाला काय आवडतं, असं मुलांना विचारलं. पहिली उत्तरं कुठल्याही वर्गात मिळतील तशी : विषय पक्का आहे, चिडत नाहीत, नावानं हाक मारतात. मग गप्पा रंगल्या. आपल्याच खात्याची बाजू घेत नाहीत, असं एकानं सांगितलं. स्वतः वॉर्डात काम केलेलं असतं, असं दुसरीनं. टीमवर्कवरची स्लाइड काय, कुणीही वाचून दाखवतं. फिजिओच्या मुलीला आणखी एक गोष्ट भावते. तिचं काम काय असतं, हे तिला सरांना समजावून सांगावं लागत नाही.

[दृश्य : मेझरिंग टेप, व्हीलचेअरचं चाक, जवळून]

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून काम करणारी शाखा. तिच्या मॅडम टेप काढतात. व्हीलचेअर पंचवीस इंच. चाळीतल्या संडासाचं दार दोन फूट, आणि तोही गॅलरीच्या टोकाला, खाली उंबरा. खोलीत शांतता. मेडिसिनचे सर स्टुलावर बसून विचारतात, “मग काकांनी जायचं कसं?” सरांना खरंच उत्तर हवं आहे आणि मुलांना ते जाणवतं. सगळ्यांच्या नजरा या दोघांवर. शिक्षक एकमेकांशी कसे बोलतात, हे मुलं धड्यापेक्षा बारकाईनं बघतात. खोलीत कमोड खुर्ची, दाराशी धरायला दांडा, सकाळी हाताशी एक माणूस : यादी फळ्यावर वाढत जाते. त्यातलं निम्मं त्या मुलांनी सुचवलेलं, ज्यांना राऊंडला कुणी काही विचारत नाही.

[दृश्य : परळ, जुन्या इमारतींच्या कमानी]

पेशंट घरी गेल्यावर त्याचं रोजचं कसं चालणार, हा प्रश्न परळला नवा नाही. केईएम रुग्णालय 1926 साली सुरू झालं. 1950 मध्ये तिथंच कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं शिक्षण सुरू केलं. निंबकर जन्मानं अमेरिकन, लग्न करून मुंबईच्या झालेल्या. ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ 1952 मध्ये उभा राहिला, तेव्हा संस्थापक देशांत भारतही होता. 1953 मध्ये केईएममध्येच फिजिओथेरपीचं शिक्षण आलं. तिकडे भायखळ्याला जे. जे. रुग्णालयात 1946 पासूनच वैद्यकीय समाजसेवक होते. म्हणजे पेशंटला लागणारी माणसं या शहरात केव्हापासून तयार होत आहेत. पण प्रत्येकाची परीक्षा वेगळी, वेळापत्रक वेगळं. दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2010 मध्ये मांडलं. अशा एकत्र कामानं उपचारातल्या चुका आणि पेशंटची गुंतागुंत कमी होऊ शकते, हेही त्यात आहे.

[दृश्य : पुन्हा वर्ग, फळा]

यादीतल्या एका ओळीपुढे प्रश्नचिन्ह आहे. संडास सामायिक, दांडा बसवायचा तर चाळ कमिटीशी बोलणार कोण? पाचही शाखांकडे उत्तर नाही. सर म्हणतात, समाजसेवा अधीक्षकांना, म्हणजे रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना, बोलावू. ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडम तिथल्या तिथं फोन लावतात. पुढच्या आठवड्यात ते येतील, पण त्यांची ओपीडी दोनपर्यंत, म्हणून वर्ग अडीचला.