सौजन्य : इंटरनेट

नमस्कार श्रोतेहो.

एखाद्या फोटोखाली ‘सौजन्य : इंटरनेट’ असं छापलेलं तुम्ही पाहिलंच असेल. मला ते वाचून दर वेळी हसू येतं. पुस्तकावर लेखकाच्या जागी ‘सौजन्य : कागद’ लिहावं, तसलाच हा प्रकार.

‘सौजन्य : विकिपीडिया’ त्यापेक्षा बरं, पण तेवढ्यानं भागत नाही. तिथल्या लेखाच्या माथ्यावर ‘इतिहास पहा’ असं लिहिलेलं असतं. एकदा दाबून बघा. कुणी रात्री दोन वाजता एक वेलांटी दुरुस्त केलेली दिसेल. कुणी अख्खा परिच्छेद संदर्भासकट घातलेला, तर दुसऱ्या कुणी सकाळी तोच निम्मा छाटलेला! काही खरी नावं, बरीचशी टोपणनावं. या मंडळींनी आपल्या लिखाणावरचा हक्क सोडलेला नसतो बरं का. ‘वापरा’ अशी परवानगी तेवढी आधीच देऊन ठेवलेली असते, आणि तीही अटींवर.

या अटी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेनं तयार केलेल्या ‘श्रेय आणि समान-वाटप’ या परवान्यात आहेत. विकिपीडियानं तो २००९मध्ये स्वीकारला. २०२३पासून त्याची ४.० ही आवृत्ती लागू आहे. मजकूर घ्या, बदला, अगदी विकासुद्धा. मात्र श्रेय द्या, परवान्याचं नाव आणि दुवा द्या, आणि बदल करून जे तयार कराल ते त्याच परवान्याखाली इतरांना खुलं ठेवा. शिवाय बदल केलाय हे सांगा. ही अट हमखास विसरली जाते. भाषांतर केलं, तरी तो बदलच!

मग शेकडो नावं छापायची का? नाही. मूळ लेखाचा दुवा दिला तरी चालतं, कारण सगळी नावं त्या इतिहासात असतातच. फोटोचं मात्र तसं नाही. लेखातल्या प्रत्येक चित्राचा परवाना वेगळा असू शकतो. चित्रावर टिचकी मारून त्याचं पान उघडायचं आणि तिथलं नाव उतरवून घ्यायचं.

चूक झालीच तर? अट मोडली की परवानगी आपोआप संपते. पण ४.० आवृत्तीत एक सोय आहे : चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली, की परवानगी पुन्हा मिळते.

आता पंचाईत माझी. रेडिओवर दुवा कसा देणार? कोलन, तिरप्या रेघा असं वाचत बसलो, तर तुम्ही स्टेशन बदलाल. पण परवाना इथं समंजस आहे. माध्यमाला साजेल अशा वाजवी रीतीनं श्रेय द्या, म्हणतो. म्हणजे बोलताना असं म्हणायचं : “ही माहिती विकिपीडियावरच्या अमुक लेखातून, तिथल्या संपादकांच्या श्रेयासह, थोडी संक्षिप्त करून, परवाना क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेय आणि समान-वाटप, ४.०.” दुवे नंतर कार्यक्रमाच्या नेटवरच्या माहितीत टाकायचे.

घरी घड्याळ लावून हे वाक्य म्हणून पाहिलं. पंधरा सेकंदही लागले नाहीत.

नमस्कार.