गोल विमान उडतं, फक्त सीजी जागेवर पाहिजे

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय गोल विमानाबद्दल. गोल म्हणजे खरंच गोल, ६० सेंटिमीटर व्यासाची फोमची चकती, पुढे मोटर, मागच्या कडेला दोन एलेव्हॉन (नाक वर-खाली करणाऱ्या आणि विमान वळवणाऱ्या हलत्या पट्ट्या), वर एक उभा फिन आणि बस्स, वेगळी शेपूट नाहीच. रिमोटची विमानं घरी बनवणारे आधी सरळ पंखाचं ट्रेनर करतात आणि तेच बरोबर आहे, पण एकदा हात बसला की असं काहीतरी वेगळं करून बघाच, कारण विमान हवेत का टिकतं हे तयार किट जोडून कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत चार्ल्स झिमरमन या इंजिनिअरने व्हॉट कंपनीत जवळजवळ गोल पंखाचं व्ही-१७३ डिझाइन केलं आणि २३ नोव्हेंबर १९४२ला ते पायलटसकट उडालं. अशा बुटक्या रुंद पंखाची खासियत म्हणजे नाक खूप वर केलं तरी तो पटकन स्टॉल होत नाही, म्हणजे लिफ्ट (वर उचलणारा जोर) गमावत नाही. नेहमीचा पंख साधारण १५ अंशांच्या आसपास हार मानतो, गोल पंख ३०च्या आसपासही लिफ्ट देत राहतो, कारण दोन्ही कडांवरून वर वळणारे भोवरे हवेला पंखापासून सुटू देत नाहीत. त्याबदल्यात ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, मात्र भरपूर सोसावा लागतो.

आता मुख्य गोष्ट, सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, जिथे विमानाचं वजन तोललं जातं. चकती दिसते गोल म्हणून बॅलन्स मधोमध ठेवावा असं वाटतं, आणि तसं ठेवलं तर विमान हातातून सुटताच नाक वर करून मागे उलटतं. फ्रिसबीचा बॅलन्स मधोमध असूनही ती सरळ जाते ती गरगर फिरते म्हणून, आपलं विमान तसं फिरत नाही ना! न फिरणाऱ्या चकतीवर लिफ्टचा जोर पुढून साधारण पाव व्यासावर पडतो, आणि सीजी त्याच्याही पुढे हवा. म्हणून मी सुरुवात व्यासाच्या २० टक्क्यांवर करा म्हणतो, म्हणजे ६०च्या चकतीत पुढच्या टोकापासून १२ सेंटिमीटर. मागचा फोम वजन मागे ओढतो, त्यामुळे बॅटरी अगदी नाकाशी न्यावी लागते, सर्व्होही (एलेव्हॉन हलवणाऱ्या छोट्या मोटर) जमेल तितके पुढे घ्या. आणि एलेव्हॉन न्यूट्रलला, म्हणजे रिमोटची स्टिक मधोमध असताना, दोन-तीन मिलिमीटर वर ठेवा, नाहीतर नाक खाली जातच राहील.

हे सगळं आधी पुठ्ठ्याच्या २० सेंटिमीटरच्या चकतीवर बघून घ्या, नाकाला थोडी क्ले लावायची आणि हळूच सोडायची, लहरत लहरत गेली तर क्ले वाढवा, सरळ जमिनीत घुसली तर कमी करा. खूप स्वस्तात खूप काही कळतं. मग मोठं विमान मोटर बंद ठेवून उंच गवतावर ग्लाइड करा.

पहिल्या उड्डाणाआधी प्रोपेलर काढून तपासणी करायची: स्टिक मागे ओढली की दोन्ही एलेव्हॉन वर, स्टिक उजवीकडे नेली की उजवा वर, आणि सिग्नल तुटला की फेलसेफने मोटर बंद झालीच पाहिजे. पंखाचा विस्तार कमी असल्याने मोटरचा टॉर्क विमानाला प्रोपेलरच्या उलट दिशेला कलंडवतो, सोडताना एकदम फुल थ्रॉटल (मोटरचा पूर्ण जोर) दिलं तर हे हमखास होतं, म्हणून वारा पडलेला असताना अर्ध्याच्या थोडं वर ठेवून सोडा.

उंची मिळाली की डाइव्ह टेस्ट. थ्रॉटल कमी, नाक थोडं खाली, स्टिक सोडून द्या. विमान झटकन वर आलं तर नाक जड आहे, हळूहळू सरळ झालं तर उत्तम, आणि डाइव्ह आणखी खोल होत गेली तर लगेच सावरून उतरवा आणि बॅटरी पुढे सरकवा. एका वेळी एकच बदल करायचा हं, सीजी आणि ट्रिम (एलेव्हॉनची न्यूट्रल जागा) दोन्ही एकदम हलवले तर फरक कशाने पडला हे कळतच नाही. उतरताना नाक वर ठेवून थोडं थ्रॉटल चालू ठेवा, ते बंद केलं की ड्रॅगमुळे वेग लगेच मरतो आणि विमान धपकन खाली येतं.